चाप मीच घासला

२०१५ साल, मी एकसष्ट वर्षांचा. वाढत्या वयाच्या आठवणींच्या वहीत एकसष्टाव्या वर्षाचं काय काम, असं वाचणारा म्हणेल. म्हणू दे. माझी उंची सोळाव्या वर्षी थांबली. बाकीचा मी एकसष्टाव्या वर्षीच्या दसऱ्याला मोठा झालो, तेसुद्धा दुसऱ्याच्या रक्तावर. म्हणून हे प्रकरण इथंच लिहायचं मी ठरवलंय. ज्याला आवडणार नाही त्यानं पुढची पानं उलटावीत.

तेव्हा आम्ही कॅनडात, मिसिसागात राहत होतो. घर विमानतळाच्या वाटेवर होतं. विमान डोक्यावरून गेलं की सुमनच्या मांडणीतली ताटं थरथरायची आणि आम्ही बोलता बोलता गप्प व्हायचो, मग विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढं सुरू. सुमन म्हणजे माझी बायको. वरच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ बाळू आणि त्याची मुलगी निशा. बाळूची बायको वारली तेव्हापासून चूल एकच. बाळू ट्रक चालवायचा, इथून मॉन्ट्रियल आणि मॉन्ट्रियलहून इथं, हिवाळा-उन्हाळा. निशा शिकलेली, बँकेत नोकरीला. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. मी टूल अँड डायच्या, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या कारखान्यात तीस वर्षं काढली होती आणि खाली बेसमेंटमध्ये माझं बाक होतं. बाकावर लोखंड आवळून धरायचा व्हाईस आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या बावीस कानशी. थंडीत घर तापवायचा फर्नेस घुरघुरायचा आणि त्याच्यावर माझ्या कानशीचा आवाज चालायचा, खर्र, खर्र. सुमन वरून म्हणायची, तुमचं हे ऐकल्याशिवाय मला झोप येत नाही, आणि ऐकल्यावरही येत नाही.

मी चौथी पास नाही. कागलच्या बाजूच्या एका गावात बाप लोहारकाम करायचा आणि त्याचा हात तोंडाच्या आधी बोलायचा. चुकलं की समोर जे असेल ते फेकून मारायचा. सांडशी, हातोडी, एकदा तापलेली विळी. माझ्या पोटरीवर तिचा डाग अजून आहे. मी एकोणीस वर्षांचा असताना तो मेला. बाळू तेव्हा अकराचा. त्याला मी वाढवला, आणि वाढवायची एकच रीत मला ठाऊक होती. पट्ट्यानं, थपडीनं, वेळ पडली तर लाथेनं. बाळूला डाव्या कानानं कमी ऐकू येतं ते माझ्या एका थपडीमुळं. त्यानं शाळा चुकवली होती. आता वाटतं, शाळा मी पण चुकवली होती की, मला कुणी बहिरं केलं नाही. पण हे आताचं वाटणं. तेव्हा मी कुणाला सांगायचो तर छाती पुढं काढून सांगायचो, की माझ्या हाताखाली वाढला म्हणून माणूस झाला.

शिकारीचा नाद बापाचा. गावाकडं उसात रानडुक्कर शिरायचं, बापाकडं ठासणीची बंदूक होती. इकडं आल्यावर कारखान्यातल्या गोऱ्यांच्या नादानं मी आणि बाळूनं लायसनचा कोर्स केला. निशानं आम्हा दोघांना समोर बसवून चित्रं दाखवून पाठ करून घेतलं. मग एक जुनी रायफल घेतली. वर्षातून एकदा उत्तरेला जायचं, पाच तासांच्या वाटेवर, आणि मूस मारायचा. मूस म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, उंचीला बैलापेक्षा मोठा. मिळाला तर वर्षाचं मटण. सुमन त्याचा रस्सा करायची तेव्हा गावाकडून आलेला कांदा-लसूण मसाला आणि भाजलेलं खोबरं यांच्या धुरानं घरातला अलार्म बोंबलायचा, निशा खुर्चीवर उभी राहून टॉवेलनं त्याला वारा घालायची, आणि आम्ही दोघं भाऊ हाडं फोडत बसलेले. मुसाच्या नळीतली मज्जा ताटावर ठोकून काढायची. ती भाकरीला लावून खायची. ज्यानं खाल्ली नाही त्याला मी काय सांगू.

त्या रायफलीत एकच खोट होती. चाप जड. इतका जड की ओढता ओढता नळी हलायची. आदल्या वर्षी त्यानंच घात केला. नर होता, मोठा, ऐंशी-नव्वद पावलांवर आडवा उभा. मी खांद्यामागं नेम धरला, चाप ओढला, तो येईना, आणखी ओढला, तेवढ्यात नळी हलली आणि गोळी पोटात गेली. पोटात गोळी लागलेलं जनावर लगेच मरत नाही. तीन तास आम्ही रक्तामागं चाललो. रक्तात हिरवं शेण मिसळलेलं, झुडपांवर आतड्याचे तुकडे. दलदलीत गाठलं तेव्हा ते उलटून बाळूच्या अंगावर आलं. बाळू चिखलात पडला, मी दुसरी गोळी मानेत घातली, तरी ते बसल्या जागी मान वर करून बघत होतं. शेवटी बाळूनं सुरी घातली. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल आणि तो ओकला. परतीच्या वाटेवर पाच तासांत तो एवढंच म्हणाला, "दादा, त्या चापाचं काहीतरी कर. न्हाईतर मी येणार न्हाई."

त्याचं ते बोलणं वर्षभर डोक्यात राहिलं. करायचं होतंच, पण कुणी करायचं यावर आमची जुंपली. बाळू म्हणायचा बंदुकीच्या कारागिराकडं देऊ. शहराबाहेर, शेतांच्या भागात, तासाभरावर वॉल्टर नावाचा एक म्हातारा होता, सगळे त्याच्याकडं जायचे. मी म्हणायचो माझ्या घरात बावीस कानशी असताना मी दुसऱ्याच्या दारात का जाऊ. मला नखाच्या जाडीचा शंभरावा भाग बोटानं कळतो. कारखान्यात इंजिनिअर पोरं माप घ्यायच्या आधी मला विचारायची. ट्रिगर म्हणजे काय, दोन लोखंडं एकमेकांना धरून बसलेली. पकड कमी केली की हलका.

निशाच्या टॅबवर एक व्हिडिओ होता. टोपीवाला गोरा जेवणाच्या टेबलावर बसून हेच काम करत होता. तो काय बोलतोय ते मला कळत नव्हतं, पण त्याचे हात कळत होते. कानस अशी धरलेली जसा आमटीचा चमचा. मी बाळूला म्हटलं, "हे बघ. ह्या बाबाला जमतंय तर मला जमणार नाही व्हय?"

बाळूनं उजवा कान माझ्याकडं केला, नीट ऐकलं, आणि म्हणाला, "तो टेबलापुढं बसून घासतोय, दादा. त्याच्या बंदुकीम्होरं कोण हाय? तुझ्या बंदुकीम्होरं मी असतोय."

सुमन भाकरी थापत होती. ती म्हणाली, "भावजी बरोबर बोलतायत. द्या की त्याला. एवढं एक काम दुसऱ्यानं केलं म्हणून हात झिजणार नाहीत तुमचे."

दोघांनी मिळून टोचलं म्हणून गेलो. दसरा दहा दिवसांवर आला होता. वॉल्टरचं दुकान म्हणजे गोठ्याला लागून एक खोली. स्वच्छ. माणूस माझ्याहून मोठा, पाठीत वाकलेला, हात मात्र स्थिर. त्यानं रायफल घेतली, रिकामी आहे का दोनदा बघितलं, चाप ओढून बघितला आणि मान हलवली. मग एक पिवळी चिठ्ठी घेतली, तिच्यावर माझं नाव आणि काम लिहिलं आणि दोऱ्यानं चापाच्या कडीला बांधली. म्हणाला, "सिक्स वीक्स."

मी म्हटलं, दहा दिवसांत पाहिजे. तो म्हणाला, माझ्याआधी लोक आहेत. मी म्हटलं, मग मी इथं बसतो, तुम्ही करा, मी बघतो, मी पण फिटर आहे. आमच्यात हे चालतं. एका कारागिराच्या बाकापाशी दुसरा कारागीर उभा राहिला तर तो मान समजतात, चहा सांगतात. वॉल्टर म्हणाला, काउंटरच्या आत कुणी येत नाही. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "टूल अँड डाय. थर्टी इयर्स."

"गुड," तो म्हणाला. "देन यू नो व्हाय." आणि मग बोट वर करून, हळूहळू, मला कळेल असं म्हणाला, की घरी स्वतः हात लावू नको. लोक घासतात, ट्रिगर लोण्यासारखा होतो, त्यांना आनंद होतो, आणि मग बंदूक कुठंतरी आपटते आणि आपोआप उडते.

आता कळतं की त्यानं मला कारागीर धरूनच सांगितलं होतं. त्या वेळी माझ्या कानात फक्त 'हात लावू नको' एवढंच घुसलं. एकसष्ट वर्षांच्या फिटरला कुणी म्हणावं हात लावू नको. मी काउंटरवरून रायफल ओढून घेतली, पेटीत घातली, चिठ्ठी तशीच लोंबकळत होती ती तोडून पेटीच्या खिशात कोंबली, आणि निघालो. मागून तो काहीतरी म्हणाला. मी दार आपटलं.

घरी बाळूनं ड्राइव्हवेमध्येच विचारलं, "दिलीस?" मी म्हटलं, "न्हाई. मीच करणार." तो म्हणाला, "मग मी येत न्हाई." मी म्हटलं, "तू येणार." तो म्हणाला, "तुझी ही मिजास एक दिवस कुणाला तरी खाणार हाय, दादा," आणि पाठ फिरवली. मी त्याचा दंड धरून फिरवला आणि तोंडावर ठेवून दिली. त्रेपन्न वर्षांचा माणूस, केस पिकलेले. तो गाडीच्या बॉनेटवर आदळला. पहिल्यांदाच आयुष्यात त्यानं उलट हात उचलला आणि माझ्या बरगडीत बुक्की घातली. मग आम्ही दोघं बर्फ ओढायच्या फावड्यांवर पडलो. मी त्याची मान काखेत दाबली आणि तो माझ्या गुडघ्यावर टाचा मारत होता. शेजारचा पंजाबी अंकल कुंपणावरून हिंदीत ओरडत होता, भाईसाब, पुलिस आ जाएगी. सुमननं अंगणातला पाण्याचा पाइप सुरू करून आमच्यावर सोडला. ऑक्टोबरातलं पाणी. आम्ही सुटलो. बाळूच्या ओठातून रक्त येत होतं. ते त्यानं मनगटानं पुसलं, माझ्याकडं बघितलं, आणि तो पुन्हा अकरा वर्षांचा झाला. म्हणाला, "बरं. कर." तेवढंच. मी जिंकलो असं मला वाटलं.

काम मी अष्टमीच्या संध्याकाळी संपवलं. कसं केलं ते लिहीत नाही. कुणी वाचून करू नये म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगतो, की इतकं देखणं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. आरशासारखा गुळगुळीत. बोट लावलं की सुटायचा, श्वास सोडल्यासारखा. मी रिकामा चाप वीस वेळा ओढला आणि दर वेळी हसलो. वॉल्टरला नेऊन दाखवावं असं वाटत होतं.

मला शिकवणारा जो उस्ताद होता, कोल्हापूरच्या फाउंड्रीतला, त्याचा एक नियम होता. बसवलेला भाग हलवून, आपटून, ठोकून बघितल्याशिवाय हातावेगळा करायचा नाही. विसरलं की तो बोटांच्या पेरांवर कानशीची मूठ मारायचा. तो नियम मी चाळीस वर्षांत मोडला नव्हता. त्या संध्याकाळी जेवायला हाक आली, म्हणून म्हटलं उद्या बघू. आणि उद्या होती खंडेनवमी.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. लोहाराच्या घरात दिवाळीपेक्षा तो सण मोठा. सगळी अवजारं धुऊन पुसून मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यांना विश्रांती. बेसमेंटमध्ये पाटावर पांढरं कापड टाकून मी बावीस कानशी, व्हाईसची मूठ, मायक्रोमीटर, आणि मधोमध रायफल मांडली. काडतुसं वेगळी, कुलपात. सुमननं ओवाळलं. पुरणपोळी होती, कटाची आमटी होती, निशानं फोटो काढले आणि म्हणाली, "काका, दिस लुक्स सो कूल." बाळू हात जोडून उभा होता, ओठ अजून सुजलेला. पूजा झाल्यावर तो खाली बसून रायफलीकडं बघत म्हणाला, "दादा, आपटून बघितलीस व्हय?"

"आज नाही," मी म्हटलं. "आज हात लावायचा नसतोय. ठाऊक नाही का तुला?"

"मग कधी? उद्या पहाटे तर निघायचंय."

"गप बस. बाप पण असाच पुजायचा."

तो उठून वर गेला. एक गोष्ट सांगतो, मी देवाला घाबरून थांबलो नव्हतो. मला भीती होती ती दुसरीच. आपटून बघितली आणि उडाली तर वॉल्टर बरोबर ठरला असता. सण माझ्या कामी आला.

दसऱ्याला पहाटे निघालो. दहाच्या सुमाराला रानात होतो. पानं गळलेली, खडकांवर शेवाळ, जमिनीवर रात्रीचं दहिवर गोठलेलं. अर्ध्या तासात मुसाच्या खुरांचा ताजा माग दिसला आणि मी काडतूस आत घातलं, सेफ्टी लावली. सेफ्टी म्हणजे चाप अडवायची कळ, आतली घासलेली पकड ती धरत नाही. माग एका खडकाळ चढावर गेला होता, छातीएवढी उंच पायरी. बाळू आधी चढला आणि वाकून उजवा हात खाली दिला. म्हणाला, "दे इकडं, मग तू ये." कोर्समध्ये शिकवलं होतं, की बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची तर आधी रिकामी करायची. निशानं ते चित्र दहा वेळा दाखवलं होतं. मी म्हटलं, माग ताजा आहे, रिकामी करायचा आवाज होईल. आणि हात मोकळा करायला मी रायफलीचा दस्ता खडकावर टेकवला. आपटला नाही. काठी टेकवावी तसा टेकवला.

आवाज मला ऐकूच आला नाही. दस्त्याचा धक्का मनगटात बसला आणि माझ्या तोंडावर काहीतरी गरम उडालं. वर बघितलं तर बाळू तसाच वाकलेला, हात खाली दिलेला, पण त्या हाताला पंजा म्हणावं असं काही नव्हतं. अंगठा आणि करंगळी होती. मधे कातडीला लोंबणारी हाडं, पांढरी, आणि त्यातून रक्त नळासारखं. गोळी पंजा फोडून त्याच्या गालाला चाटून गेली होती. गालाचं मांस उघडून आतली दाढ दिसत होती. गोळी दोन बोटं इकडं आली असती तर कपाळात. तो ओरडला नाही. त्यानं हाताकडं बघितलं आणि मग माझ्याकडं, आणि म्हणाला, "दादा, तुला लागलं न्हाई न्हवं?"

मी पट्टा काढला. ज्या पट्ट्यानं आयुष्यभर दुसरंच काम केलं, तसलाच एक पट्टा. त्याच्या दंडाला आवळला, गुडघा लावून ओढला, तेव्हा तो ओरडला. माझा बनियन फाडून पंजाला गुंडाळला. रायफल रिकामी करून पुढं गळ्यात अडकवली आणि त्याला पाठीवर घेतला. एकसष्टाव्या वर्षी मी त्याला गाडीपर्यंत वीस मिनिटं पाठीवर नेला. त्याचं रक्त माझ्या पोटावरून पॅन्टमध्ये उतरत होतं आणि तो कानाशी पुटपुटत होता, हळू, दादा, पाय घसरंल.

जवळच्या गावातल्या हॉस्पिटलात त्याला आत नेलं आणि दुपारी पोलीस आली. बाई होती, तरुण, सभ्य. गाडीतून रायफलीची पेटी तिनं आणलेली. माझ्या इंग्रजीनं काम होईना तेव्हा तिनं फोन लावून निशाला लाउडस्पीकरवर घेतलं. निशा रडत रडत भाषांतर करत होती. कसं झालं ते मी सांगितलं. मग त्या बाईनं रायफल तपासून चाप किती हलका आहे ते बघितलं, तिच्या भुवया वर गेल्या, आणि पेटीच्या खिशातून तिनं ती पिवळी चिठ्ठी काढली. तिच्यावर वॉल्टरच्या दुकानाचं नाव, माझं नाव आणि त्याच्या अक्षरात 'ट्रिगर'.

निशा फोनवर म्हणाली, "काका, त्या विचारतायत, ट्रिगरचं काम ह्या वॉल्टरनं केलं का? जस्ट से येस ऑर नो."

मी मान हलवली. वरून खाली.

"काका? हॅलो? आर यू देअर?"

"व्हय," मी म्हटलं.

"यस," निशा म्हणाली.

बाईनं लिहून घेतलं. मग तिनं सांगितलं आणि निशानं मला सांगितलं, की उद्या त्यांची माणसं वॉल्टरकडं जातील, दुकान थांबवतील, त्याचं लायसन बहुतेक जाईल, गुन्हाही लागेल. मी म्हटलं, बरं. मला त्या वेळी वॉल्टरचं वाईट वाटलं नाही, हे लिहून ठेवतो. मला एवढंच वाटलं, की फिटरनं आपल्या हातानं भाऊ फोडला, हे कुठल्याही कागदावर येणार नाही. त्या कामाला दुसऱ्याचं नाव मिळालं.

संध्याकाळी बाळूला भेटू दिलं. तोंडाला टाके, हात खांद्यापर्यंत पांढऱ्यात. डॉक्टरनं सांगितलं होतं, तीन बोटं गेली, पंजा पकडीचा राहणार नाही. म्हणजे ट्रक संपला. मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो, त्याला ऐकू येईल असा. सुमन आणि निशा अजून वाटेवर होत्या.

त्यानं टाक्यांमधून हळू विचारलं, "पोलिसाला काय सांगितलंस?"

मी सांगितलं. वॉल्टरनं केलं म्हणून सांगितलं.

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. विमानं नव्हती तिथं, फर्नेस नव्हता, फक्त मशीनचा टिक टिक आवाज. मी वाट बघत होतो की हा शिव्या घालेल, थुंकेल, डाव्या हातानं काहीतरी फेकून मारेल. मारायला पाहिजे होतं. मला त्याच्या पाया पडावं लागलं असतं तरी चाललं असतं. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "बरं. मला विचारलं तर मी बी तसंच सांगतो. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं. बेचाळीस वर्षं मी पट्ट्यानं, थपडीनं त्याच्यात हेच घातलं होतं आणि याला माणूस करणं म्हणत होतो. अर्धा हात गेलेला माणूस, माझ्या हातानं गेलेला, माझी खोटी साक्ष द्यायला तयार होता, आणि त्याच्या तोंडावर राग म्हणून नव्हता. बापाचा मार खाऊन मी निदान बापाला शिव्या देत होतो, उसात लपून. यानं तेवढंही ठेवलं नव्हतं स्वतःकडं.

मी उठलो, त्याच्या पायावरची चादर नीट केली, बाहेर आलो. सुमन आणि निशा आल्या. सुमननं माझ्या अंगावरचं वाळलेलं रक्त बघितलं. डबा आणला होता, दसऱ्याच्या पुरणपोळ्या. मी खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशा म्हणाली, काका, मी येते, यू विल नीड मी. मी म्हटलं, तू तुझ्या बापापाशी बस, कालचं तुझ्या तोंडून वदवलं, आजचं मी बोलतो. पोलीस ठाणं हॉस्पिटलापासून चालत पंधरा मिनिटांवर. दार उघडायच्या आधी मी पायरीवर उभा होतो. तीच बाई आली, मला बघून थांबली. आत नेलं, खुर्ची दिली. मी बसलो नाही. म्हटलं, "नो वॉल्टर." ती म्हणाली, सॉरी? मी म्हटलं, "वॉल्टर से, डोन्ट टच. आय टच." आणि तिच्या टेबलावर डाव्या मुठीत हवा धरून उजव्या हातानं कानस चालवून दाखवली, अष्टमीला चालवली होती तशी. मग हवेतली बंदूक टेकवून दाखवली. मग माझा पंजा उघडून, मधली तीन बोटं दुमडून तिच्यापुढं धरला.

तिनं कालचा कागद काढून बघितला. मग फोन उचलला आणि कुणाशी तरी बोलली, त्यात वॉल्टरचं नाव आलं, आणि 'स्टॉप' आलं. मग ती टाइप करत बसली. कागद काढून माझ्यापुढं सरकवला आणि पेन दिलं. मी पेन घेतलं नाही. खुणेनं म्हटलं, वाच. तिनं वाचलं. मला त्यातलं चार आणे कळलं असेल, मी फक्त त्या म्हाताऱ्याच्या नावावर कान ठेवून होतो. ते दोनदा आलं. दोन्ही वेळा मी हात वर करून तिला थांबवलं, आणि नावाच्या आधी 'नॉट' आहे हे तिच्याकडून बोट ठेवून घेतलं. मग म्हटलं, पुन्हा. तिनं पुन्हा सगळं पहिल्यापासून वाचलं. तेव्हा मी सही केली.